दवा, दुआ आणि समुपदेशकाची खुर्ची

मंगरूळपीर या गावाच्या नावातच पीर आहे. दादा हयात कलंदर यांच्या या गावात, खरं तर साऱ्या वऱ्हाडातच, मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाला अनेक घरं आधी दर्ग्यावर नेतात, मग दवाखान्यात. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’च्या १४ जिल्ह्यांत हे गाव ज्यात येतं तो वाशिमही होता. इथल्या समुपदेशकाला प्रशिक्षणातच इस्लामी श्रद्धेची ओळख हवी म्हटलं, की काही शंका हमखास निघतात.

गैरसमज : म्हणजे समुपदेशकानं धर्म शिकवायचा.
वस्तुस्थिती : शिकवायचा नाही, समजून विचारायचं. नवरा गेलेली बाई चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. गरजेशिवाय बाहेर पडत नाही, नटत नाही. हे ठाऊक नसलेला समुपदेशक त्यालाच नैराश्य समजेल. आणि ‘इद्दतच तर आहे’ म्हणून झोप, भूक, जगण्याची इच्छा यांबद्दल विचारलंच नाही, तर खरं नैराश्य निसटेल.

गैरसमज : इमान पक्कं असेल तर मन आजारी पडत नाही.
वस्तुस्थिती : पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब ज्या वर्षी गेले, ते पैगंबरांच्या चरित्रात ‘दुःखाचं वर्ष’ म्हणूनच ओळखलं जातं. इ.स. ९३४ मध्ये वारलेले मुस्लीम विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी कारण असलेलं दुःख आणि कारण सापडत नाही असं दुःख वेगळं करून दोन्हींवरचे उपाय लिहून ठेवले.

गैरसमज : रमजानमध्ये गोळ्या बंद कराव्याच लागतात.
वस्तुस्थिती : आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुराणातच आहे. काही गोळ्या सहरी-इफ्तारच्या वेळेला बसवता येतात, पण ते डॉक्टरनं ठरवायचं. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं, तर औषधाची पातळी धोकादायक वाढू शकते. म्हणून हा विषय चंद्र दिसण्याच्या महिनाभर आधी काढायचा.

गैरसमज : दर्गा की दवाखाना, एकच निवडा.
वस्तुस्थिती : गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रमातून मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले. साखळदंडाला मात्र माफी नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळील खासगी आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ च्या आगीनं साखळीनं बांधलेल्या २८ रुग्णांचा जीव घेतला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधण्यावर बंदी घातली.

‘साया आहे,’ म्हणजे बाहेरची बाधा झाली आहे, असं रुग्णाची आई सांगते तेव्हा समुपदेशक हसला, तर ती पुन्हा येत नाही. ‘किती दिवसांपासून? रात्री झोप लागते का?’ असं विचारलं, तर ती सगळं सांगते. फोनवर आधार हवा असेल, तर सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ वर आहे.