तीस अंशांपलीकडचा उतार

गुलमर्गच्या गंडोलाचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर, पायपीट न करता पोहोचणं शक्य झालं. गंडोलाखालच्या मुख्य उतारावर स्की पेट्रोलची नजर असते. गरज पडली की स्फोटकं लावून धोक्याचा बर्फ आधीच पाडतात. ती हद्द ओलांडली की मात्र पारख ज्याची त्यालाच करावी लागते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी याच परिसरात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. त्याआधी, फेब्रुवारी २०१० मध्ये, जवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जण हिमाखाली गाडले जाऊन मरण पावले होते. सियाचिन (२०१६) आणि गुरेझ (२०१७) इथल्या हिमस्खलनांत तर जवान गमावल्याने महाराष्ट्रातल्या घरांवरही आघात झाला. म्हणून हा विषय परक्या मुलखातल्या हौशी लोकांचा, असं मला कधीच वाटलेलं नाही.

हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांची वादळं एकामागून एक येतात आणि प्रत्येक वादळ बर्फाचा आपला थर टाकून जातं. खरा घोळ होतो तो दोन वादळांच्या मधल्या निरभ्र, कडाक्याच्या रात्रींत. बर्फाचा तळ शून्य अंशाच्या आसपास असतो, पृष्ठभाग कितीतरी थंड. दर दहा सेंटिमीटरला तापमानात एक अंशाहून जास्त फरक पडला, की आतली वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण नव्याने घडतात: टोकदार, सुटे, एकमेकांना न धरणारे. तळहातावर घेतले तर साखरेसारखे बोटांमधून गळून जातात. मग पुढच्या वादळाचा वारा त्यावर घट्ट थर रचतो. वरून पाहणाऱ्याला दिसतो फक्त शुभ्र, अखंड उतार.

आत काय दडलंय ते पाहायचं तर खड्डा खणावा लागतो. सध्या प्रचलित असलेल्या चाचणीत खड्ड्याच्या भिंतीत नव्वद सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा बर्फाचा ठोकळा चहूबाजूंनी मोकळा कापतात. त्याच्या एका टोकाला फावड्याचं पातं आडवं ठेवून हाताने थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. थापांनी कच्च्या थरात पडलेली भेग त्या टोकापुरतीच राहिली तर एक गोष्ट. पण ती सर्रकन दुसऱ्या टोकापर्यंत धावली, तर उतारावरही ती तशीच धावू शकते. स्कीच्या भाराने सुरू झालेली भेग क्षणात दूरवर पसरते आणि अख्खा थर पायांखालून सुटतो. जीवघेण्या अपघातांत बहुतेक वेळा हा थर खुद्द बळी पडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेला असतो.

या चाचणीवर फार भिस्त ठेवू नये, असं माझं मत आहे. खड्डा सांगतो ते त्या दोन हात जागेचं. वीस पावलांवर वाऱ्याने वेगळंच काही रचलेलं असू शकतं. भेग धावली तर परत फिरायला ते कारण पुरेसं आहे. नाही धावली, तर पुढे जायची परवानगी मिळाली असं होत नाही. डोंगर स्वतःहून जे सांगतो त्याचं वजन मी अधिक मानतो: शेजारच्या उतारावर ताजं स्खलन, स्कीपुढे सुटणाऱ्या भेगा, पायांखाली बर्फ बसल्याचा ‘धप्प’ आवाज, रात्रभर वाहिलेला वारा, अचानक वाढलेलं ऊन. आणि उताराचा कोन. थरांची अशी स्खलनं मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात. थर रोज बदलतात, कोन जवळपास तोच राहतो आणि साध्या कोनमापकाने मोजताही येतो. शंका असली की तीस अंशांच्या आत राहायचं, आणि डोक्यावर तीव्र उतार नाही ना, हेही पाहायचं.

युरोपात १९९३ पासून धोक्याच्या पाच पातळ्या ठरलेल्या आहेत. तिथे सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पातळीला होतात, कारण पाचातलं तीन म्हणजे मध्यम, अशी लोकांची समजूत होते. प्रत्यक्षात या पातळीला एकटा स्कीपटूही स्खलन सुरू करू शकतो. आपल्याकडे १९६९ मध्ये मनालीत स्थापन झालेली हिमसंशोधन संस्था २०२० मध्ये डीआरडीओच्या ‘डीजीआरई’मध्ये विलीन झाली; आता डीजीआरईचे इशारे जिल्हावार येतात. ते वाचायलाच हवेत, पण समोरच्या घळीचा निवाडा त्यात नसतो.

तो करायचा माणसाने, आणि तिथेच पाय घसरतो. इयन मकॅमन यांनी अमेरिकेतले सातशेहून अधिक अपघात तपासले. ओळखीच्या उतारावर प्रशिक्षित मंडळीही कमी शिकलेल्यांइतकाच धोका पत्करताना त्यांना आढळली. कोरा बर्फ, पुढे गेलेल्यांच्या खुणा, अनुभवी म्हणवणाऱ्यावरचा विश्वास यांपुढे धोक्याच्या खुणा फिक्या पडतात. गटातल्या सर्वांत नवख्याने ‘नको’ म्हटलं तरी परत फिरायचं, हा नियम मला सगळ्या उपकरणांहून मोलाचा वाटतो.

उपकरणं तरीही हवीतच. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता बरीच असते. पस्तीस मिनिटांपर्यंत ती झपाट्याने कोसळते. खालून मदत येईपर्यंत तेवढा वेळ सहज निघून जातो, म्हणजे शोधायचं सोबत्यांनीच. त्यासाठी ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा संकेत पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं आणि सराव आदल्या दिवशी झालेला हवा. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी आता गुलमर्गला स्की शिकायला जातात. त्यांनी हद्दीबाहेर नेणाऱ्या वाटाड्याला पैसे देण्याआधी ही तिन्ही साधनं दाखवायला सांगावीत, आजचा इशारा काय आहे ते विचारावं, आणि कोणत्या उतारावर आज जायचं नाही हेही त्याच्याकडून ऐकून घ्यावं.