ड्रॉ डॉट आयओ: लोणावळ्याच्या पावसाळी सहलीचा फ्लोचार्ट मोफत कसा काढाल?

पावसाळा सुरू झाला की शनिवारी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न असतो, 'उद्या लोणावळा?' पन्नास मेसेज पडतात आणि ठरते फक्त लोकलची वेळ. पाऊस वाढला तर काय करायचे, परत कधी फिरायचे, हे कुणी लिहीत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा जीव गेला. दोन्ही वेळा रविवार होता.

फ्लोचार्ट काढल्याने पूल पडायचा थांबत नाही. पण 'जायचे की थांबायचे' हा निर्णय आदल्या रात्री, डोके शांत असताना ठरवून ठेवता येतो. त्यासाठी 'ड्रॉ डॉट आयओ' हे मोफत ऑनलाइन टूल पुरेसे आहे.

फ्लोचार्टची भाषा

चार चिन्हे लक्षात ठेवा. लंबगोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट. आयत म्हणजे कृती. चौकोनी पतंगासारखा आकार म्हणजे प्रश्न. बाण म्हणजे पुढची दिशा. प्रत्येक प्रश्नातून दोन बाण निघालेच पाहिजेत, 'हो' आणि 'नाही'. ग्रुपवर आपण बहुतेक वेळा एकाच बाणाची चर्चा करतो.

सुरुवात कशी करायची?

१. ब्राउझरमध्ये ड्रॉ डॉट आयओ उघडा. खाते काढण्याची गरज नाही. फोनवरही चालते, पण पहिल्यांदा लॅपटॉप सोपा पडेल.

२. फाइल कुठे ठेवायची, असे विचारले जाईल. गुगल ड्राइव्ह किंवा तुमचे डिव्हाइस निवडा. मग कोरे पान, म्हणजे 'ब्लँक डायग्राम' घ्या.

३. डावीकडच्या पट्टीतून आकार ओढून पानावर आणा. त्यावर डबल-क्लिक करून मजकूर लिहा. मराठी टायपिंग चालते.

४. आकारावर माउस नेला की चारही बाजूंना निळे बाण दिसतात. त्यातला एक ओढून दुसऱ्या आकारावर सोडा, दोन्ही जोडले जातात. नंतर आकार हलवला तरी बाण चिकटून राहतो.

५. बाणावर डबल-क्लिक करून 'हो' किंवा 'नाही' लिहा. चुकले तर कंट्रोल आणि झेड.

लोहगडचे उदाहरण

समजा, मळवली स्टेशनला उतरून भाजे गावातून लोहगडला जायचे आहे. पहिला लंबगोल: 'शनिवार, रात्री ९'. पहिला प्रश्न: 'पुण्याच्या घाटमाथ्यावर हवामान विभागाचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आहे?' हो असेल तर बाण थेट 'सहल रद्द'कडे. नसेल तर दुसरा प्रश्न: 'त्या ठिकाणी प्रशासनाचा बंदी आदेश आहे?' इथेही 'हो'चा बाण रद्दकडेच.

पुढचे प्रश्न रविवारचे. 'ओढ्याचे पाणी गढूळ झाले किंवा वाढू लागले?' हो तर पाण्यातून बाहेर या आणि उंच जागी जा. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला की खाली पाणी काही मिनिटांत वाढते, तुमच्या डोक्यावर थेंब नसला तरी. 'दुपारचे ३ वाजले?' हो तर उतरायला सुरुवात. शेवटी 'सगळे मोजले? संख्या जुळली?' नसेल तर फोन करून बघा, संपर्क झाला नाही तर ११२.

एक सापळा टाळा. 'अजून पाच मिनिटे थांबू' हा बाण पुन्हा त्याच प्रश्नाकडे गेला, तर ते चक्र कधीच संपत नाही. प्रोग्राममध्ये असे झाले की संगणक अडकतो, धबधब्याखाली माणसे अडकतात. म्हणून थांबण्याच्या प्रत्येक चौकटीत घड्याळातली वेळ लिहा.

फोनमध्ये कसा ठेवाल?

'फाइल' मेनूत 'एक्स्पोर्ट ॲज' आणि मग 'पीएनजी' निवडा. तिथे आकृतीची प्रत सोबत ठेवण्याचा पर्याय असतो. तो निवडला तर तेच चित्र नंतर टूलमध्ये उघडून बदलता येते. चित्र ग्रुपवर टाकाच, पण प्रत्येकाला ते गॅलरीत उतरवून घ्यायला सांगा. गडावर आणि दरीत सगळीकडे रेंज मिळेलच असे नाही.

पुढच्या वेळी तुंग, तिकोना किंवा राजमाची ठरला तर नवी आकृती काढू नका. जुनीच उघडा आणि गावाचे नाव, परतीची लोकल आणि उतरण्याची वेळ बदला. 'सहल रद्द'ची चौकट मात्र कधीच पुसू नका.