मार्क सापडेना

भोसरी एमआयडीसीतल्या या शेडमध्ये चपला बाहेर काढून, स्थिर वीज टाळणारा एप्रन चढवूनच आत जाता येतं. आत पट्ट्यावरून हिरवा सर्किट बोर्ड सरकत येतो, थांबतो, कडेने घट्ट धरला जातो. वरचा कॅमेरा त्याच्या एका कोपऱ्यावर जातो, दिवा लखलखतो. मग तिरप्या समोरचा कोपरा. स्क्रीनवर आकडे उमटतात: बोर्ड आडवा किती सरकलाय, उभा किती, फिरलाय किती.

एवढं सगळं कोपऱ्यांतल्या एकेक मिलिमीटरच्या गोल ठिपक्यांवरून, म्हणजे फिड्युशियल मार्कांवरून निघतं. अर्धा अंश फिरला तर काय मोठंसं, असं मला वाटतं. पण 200 मिलिमीटरच्या बोर्डावर तेवढ्याने दुसरं टोक जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर हलतं. आणि बसवायचा रेझिस्टर मोहरीहून लहान, 1 मिलिमीटर लांब आणि अर्धा रुंद.

मशीनची नोझल रिळातून रेझिस्टरचा तुकडा हवेने ओढून घेते. वाटेत दुसरा कॅमेरा तो खालून पाहतो. तिरका उचलला असेल तर नोझल तेवढीच फिरते आणि टेकवते. हे इतकं झरझर चालतं, की माझी नजर दर वेळी मागेच राहते.

लाइन थांबते. पिवळा दिवा.

"मार्क सापडेना," ऑपरेटर ताई म्हणतात. मार्कावर कथील उंचसखल बसलंय, ते चमकतंय. त्या आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावून पुसतात. तरी नाही.

"ताई, मॅच स्कोअर कमी करू का?" शिकाऊ मुलगा विचारतो. म्हणजे किती जुळलं की मशीनने मार्क मानायचा, तो आकडा.

"नको रे बाबा. मग तो शेजारच्या पॅडलाच मार्क समजेल."

त्या वरचा उजेड उतरवतात, बाजूचा चढवतात. स्क्रीनवरचा फुटलेला पांढरा डाग हळूहळू गोल होतो. कॅमेऱ्याच्या किमतीचं कौतुक सगळेच करतात, दिव्यांचं कुणी करत नाही. खरी मेख मात्र तिथेच आहे.

लाइन पुन्हा धावते आणि थोड्याच वेळात कपॅसिटरचं रीळ संपतं. या इवल्या कपॅसिटरांवर काहीच छापलेलं नसतं. एकाच मापाचे, वेगवेगळ्या मूल्यांचे दोन तुकडे कॅमेऱ्याला सारखेच. रीळ चुकलं तर मशीन चुकीचा मालही अगदी अचूक जागी बसवत राहील. म्हणून ताई नव्या रिळाचा बारकोड स्कॅन करतात, दुसरी ऑपरेटर तो यादीशी ताडून सही करते. त्या सहीशिवाय इथे लाइन चालू करायला परवानगी नाही.