आजोबांचे कान आणि नातवाचा हेडसेट

शनिवारी सकाळचे दहा वाजले की आमच्या स्टॉकपोर्टच्या घरात इचलकरंजी अवतरते. वरच्या खोलीतून आरोळी येते, "आरं, डावीकडं बघ की! मागं, मागं! क्रीपर आलाय!"

हा माझा तेरा वर्षांचा लेक. जन्म इथलाच. मराठीचा वर्ग आम्ही दोनदा लावला आणि दोन्ही वेळा सुटला. मी मराठीत विचारायचं आणि त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा परदेशातल्या कितीतरी मराठी घरांतला करार आमच्याकडेही होता. तो मोडला माझ्या भाच्यानं. इकडे हिवाळ्यातले सकाळचे दहा म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन. भाचा शाळेतून येऊन मोबाइल घेऊन बसतो, लेक इथे एक्सबॉक्स लावतो आणि दोघं मिळून 'माइनक्राफ्ट'मध्ये घर बांधतात. भाच्याच्या फोनवर एक्सबॉक्सचं ॲप आहे, त्यावरून गप्पा चालतात. भाचा इंग्रजीत बोलायला लाजतो, मग आमच्या चिरंजीवांनाच मराठीत यावं लागतं. जे वर्गात जमलं नाही ते या खेळात जमलं.

त्यामुळे हेडसेट ही आमच्या घरात नुसती खेळण्यातली वस्तू राहिलेली नाही. ती मामेभावांमधली तार आहे. इथली घरंही अशी की दोन घरांत एकच भिंत, जमिनी लाकडी. टीव्हीच्या स्पीकरवर खेळू दिलं तर शेजारच्या आजीबाईंनाही क्रीपर आल्याचं कळेल. हेडसेट हवाच. प्रश्न एवढाच, की कुठला आणि किती पौंडांचा?

पहिला हेडसेट मी घाईत घेतला. ऑनलाइन, बारा पौंडांचा, कधी न ऐकलेल्या नावाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '७.१ सराउंड', दोन्ही कानांवर रंगीत दिवे. लेक खूश! पंधरा दिवसांत भाच्याची तक्रार आली, "आत्या, हा विहिरीतनं बोलल्यागत वाटतंय." माइक इतका अशक्त होता की पोराला ओरडावं लागायचं. कानावरच्या गाद्या सैल, त्यामुळे बाहेरचा आवाज आत यायचा आणि तो झाकायला हा व्हॉल्यूम चढवायचा.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर माझे वडील होते. लेक त्यांच्याशी बोलून खेळायला पळाला आणि मागून त्याचं ओरडणं चालू झालं. वडील थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "अगं, त्याला ऐकायला कमी येतंय काय?"

माझ्या पोटात धस्स झालं. कारण हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा अधिकार होता.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते, आधी कामगार, मग जॉबर. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला, आणि पुढं सगळं गावच मागांच्या खडखडाटावर जगू लागलं. आम्हा मुलांना त्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. पण शेडच्या आत हा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. वडिलांनी त्यात आयुष्यातल्या कितीतरी पाळ्या काढल्या. पन्नाशीत ते मोठ्यानं बोलू लागले, साठीत आम्ही मोठ्यानं बोलू लागलो. आता ते साध्या फोनवर बोलतच नाहीत. व्हिडिओ कॉलच लागतो, कारण ते आमचे ओठ वाचतात.

काही वर्षांपूर्वी ते इथं आले होते तेव्हा आम्ही त्यांना जवळच्या स्टायल गावातली 'क्वॉरी बँक' गिरणी दाखवायला नेलं. १७८४ मध्ये सुरू झालेली ही सूतगिरणी आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथं पाहुण्यांना दाखवायला जुने माग चालवतात. माग सुरू झाल्यावर आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. वडील मात्र जुना मित्र भेटावा तसे हसत उभे! लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायका या आवाजात ओठ मोठ्यानं हलवून, हातवारे करून गप्पा मारायच्या. त्याला इकडे 'मी-मॉइंग' म्हणतात. वडिलांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही पण तेच करायचो की. फक्त त्याला नाव नव्हतं."

तर त्या प्रश्नानंतर मी हेडसेटकडे नव्यानं बघायला लागले. आधी कान, मग किंमत, आणि दिवे सगळ्यात शेवटी, असा क्रम लावला. इथल्या आणि तिकडच्या आयाबापांना उपयोगी पडेल म्हणून जे समजलं ते सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मोठ्या माणसानं आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर आवाज सरासरी ८० डेसिबलपर्यंत असावा, लहान मुलांसाठी ७५. आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलांसाठी ७८ ला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला ५ तास, आणि ९० ला जेमतेम सव्वा तास. हे तास दिवसाचे नाहीत, आठवड्याचे! दुकानात मुलांच्या हेडफोनवर '८५ डेसिबलची मर्यादा' असं लिहिलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. पण या हिशेबानं ८५ म्हणजे आठवड्याला चारच तास. तुलनेसाठी सांगते, ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनुसार कामाच्या ठिकाणी दिवसाचा सरासरी आवाज ८५ डेसिबलला पोहोचला की मालकानं कामगारांना कानाचं संरक्षण द्यावंच लागतं. माझ्या वडिलांना असं कुणी काही दिलं नाही.

ही भीती उगाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात पन्नास हजारांहून जास्त लोकांची माहिती होती. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या कानांवर पडणारा आवाज बऱ्याचदा सुरक्षित मर्यादेच्या जवळ किंवा तिच्यावर असतो, असं त्यात दिसलं. खेळात स्फोट, गोळ्या असे अचानक मोठे आवाज असतात, ते वेगळंच.

आता निवड. पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मूल कशावर खेळतं? वायरचा, साध्या ३.५ मिलिमीटर पिनचा हेडसेट एक्सबॉक्सच्या आणि प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरला लागतो, निन्टेन्डो स्विचला लागतो, लॅपटॉपला लागतो. उद्या मशीन बदललं तरी हेडसेट बदलावा लागत नाही. बिनवायरच्या हेडसेटचं तसं नाही. उदाहरणार्थ लॉजिटेकचा जी४३५ फक्त १६५ ग्रॅमचा आहे आणि त्यात आवाज ८५ डेसिबलखाली ठेवायची सोयही आहे. लॅपटॉप किंवा प्लेस्टेशनवाल्यांनी त्याचा विचार जरूर करावा, पण एक्सबॉक्सला तो बिनतारी जोडता येत नाही. आमच्याकडे एक्सबॉक्स, म्हणून तो बाद. बॅटरी चार्ज करायची विसरली म्हणून होणारी रडारडही वायरच्या हेडसेटमध्ये वाचते.

जुन्या कॉम्प्युटरला मात्र माइक आणि स्पीकरची दोन वेगळी भोकं असतात. तिथं दोन शेपट्यांची छोटी जोडवायर लागते. घेताना ती खोक्यात आहे का ते बघा.

दुसरं, '७.१' ला भुलू नका. स्वस्त हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच स्पीकर असतो. आवाज चहूबाजूंनी आल्याचा भास सॉफ्टवेअर करतं. आणि ते काम मशीन फुकटात करतं: प्लेस्टेशन ५ चा थ्रीडी ऑडिओ कुठल्याही साध्या स्टिरिओ हेडसेटवर चालतो, एक्सबॉक्स आणि विंडोजवर 'विंडोज सॉनिक' आहे. दिव्यांचं तर बोलूच नका. आमच्या पहिल्या हेडसेटचे दिवे लावायला यूएसबीची वेगळी वायर जोडावी लागायची आणि डोक्यावर घातल्यावर ते घालणाऱ्यालाच दिसायचे नाहीत!

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, माइक आणि गादी. माइक चांगला असला की मूल ओरडत नाही. गादी कानाभोवती नीट बसली की बाहेरचा आवाज आत येत नाही आणि व्हॉल्यूम आपोआप कमी राहतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा, कारण काडीपाशी फट राहते आणि तासाभरात कानशील दुखायला लागतं. वजन बघा. आवाज कमी-जास्त करायचं चाक कानाच्या कपावरच असेल तर उत्तम, मुलं ते खरंच वापरतात.

हे सगळं वायरच्या हेडसेटमध्ये वीस ते पन्नास पौंडांत मिळतं. रेझरचा ब्लॅकशार्क व्ही२ एक्स (२४० ग्रॅम, कपावर चाक) आणि हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर २ या दोघांवर आमची गाडी थांबली. लेकाच्या डोक्याला दुसरा बरा बसला. तो आम्हाला पस्तीस पौंडांच्या आत पडला. शिवाय त्याचा माइक वर उचलला की आपोआप बंद होतो. या सोयीचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं.

खरेदीचं इथलं शास्त्रही थोडं सांगते. ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात आल्यापासून १४ दिवसांत, कारण न सांगता, परत करणार असल्याचं कळवता येतं. दुकानात जाऊन घेतली तर निव्वळ मन बदललं म्हणून परत घ्यायला दुकानदार कायद्यानं बांधलेला नाही, बरेच जण आपणहून घेतात ती गोष्ट वेगळी. पण वस्तू सदोष निघाली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ३० दिवसांत पूर्ण पैसे मागता येतात. क्रेडिट कार्डाचं प्रसिद्ध कलम ७५ मात्र शंभर पौंडांवरच्या वस्तूंनाच लागू होतं, स्वस्त हेडसेटला त्याचा आधार नाही. म्हणून विक्रेता ओळखीचा असलेला बरा. मी बारा पौंडांच्या वेळी हे काही बघितलं नव्हतं, तो हेडसेट शेवटी कपाटातच राहिला. नोव्हेंबरअखेरच्या ब्लॅक फ्रायडेला आणि नाताळनंतर भाव उतरतात. सीईएक्ससारख्या दुकानांत वापरलेले हेडसेटही मिळतात, फक्त गाद्या फाटलेल्या नाहीत ना ते बघून घ्या.

नवा हेडसेट आला आणि मी लेकाबरोबर एक्सबॉक्सच्या सेटिंगमध्ये बसले. तिथं दोन गोष्टी सापडल्या. एक, खेळाचा आवाज आणि गप्पांचा आवाज यांचा तोल वेगळा लावता येतो. खेळ खाली आणला, भाचा वर आणला, एकूण आवाज निम्म्यावर. दोन, 'माइक मॉनिटरिंग'. ते चालू केलं की आपला आवाज आपल्याच कानात येतो, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो तो ओरडत नाही. आमचा नियमही ठरला: मी हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारली आणि ऐकू आली नाही, तर व्हॉल्यूम दोन घरं खाली. दर तासाला दहा मिनिटं कान उघडे. खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजली किंवा आवाज दबल्यासारखा वाटला तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. असं वारंवार झालं तर जीपीकडे जायचं.

पोरगं तेरा वर्षांचं, नियमाला तोंड वेंगाडणारच. मी लेक्चर दिलं नाही. फक्त म्हटलं, "आजोबांना विचार, त्यांना आजीचा आवाज शेवटचा नीट कधी ऐकू आला." त्यानं खरंच विचारलं. आजोबा काय म्हणाले ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. पण त्या दिवसापासून चाक निम्म्याच्या वर गेलेलं मला दिसलं नाही.

गेल्या शनिवारी खेळ ऐन रंगात असताना वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. मी टॅबलेट लेकासमोर धरला. तो बोलायला लागला आणि वडील कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. काय अडलंय ते मला कळेना. लेकाला कळलं. माइकची दांडी बरोबर त्याच्या तोंडासमोर होती, आजोबांना ओठ दिसत नव्हते. त्यानं भाच्याला "थांब जरा, आजोबा आहेत" असं सांगितलं, दांडी वर उचलली, टॅबलेटच्या जवळ सरकला आणि न ओरडता, एकेक शब्द ओठांनी नीट उच्चारत म्हणाला,

"आजोबा, जेवलासा काय?"

वडिलांचा चेहरा उजळला. "जेवलो की रं," ते म्हणाले, नेहमीसारखंच, मोठ्यानं.