उघडिपीचे कोडे

पालघर-बोईसरच्या पट्ट्यात जुलैचा पहिला पंधरवडा आवणीच्या घाईचा असतो. राबातली रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधलेल्या असतात, चिखलणी झालेली असते आणि गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बाया रोपे रोवत ओळीने मागे सरकत असतात. पश्चिमेला तारापूरच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, पूर्वेला औद्योगिक वसाहतीच्या धुराड्यांना टेकलेले ढग. सगळे सुरळीत चाललेले असताना एखाद्या सकाळी आभाळ धुतल्यासारखे निळे निघते. दोन दिवस बरे वाटते. मग चार जातात, आठ जातात. खाचरातले पाणी आटते, चिखलाला भेगा पडतात, कालपरवा लावलेले रोप पिवळे पडू लागते. ‘उघडीप पडली,’ शेतकरी म्हणतो, आणि पुन्हा पुन्हा वर पाहतो.

पाऊस गेला कुठे? आणि काही दिवसांनी तो परत येतो, तो कुठून? शेतकऱ्याच्या या साध्या प्रश्नाला १९७० च्या दशकापर्यंत विज्ञानाकडे धड उत्तर नव्हते. ते शोधून काढण्यात ज्यांचा सिंहाचा वाटा होता, त्या विदुषीचा जन्म पुण्यात झाला, तोही ऐन मृगाच्या तोंडावर, ७ जून १९४४ रोजी. त्या म्हणजे डॉ. सुलोचना गाडगीळ, माहेरच्या फाटक.

विज्ञानाकडे उत्तरच नव्हते असे म्हणणे पुरते खरे नाही. उत्तर होते, आणि ते जवळजवळ तीनशे वर्षांचे जुने होते. धूमकेतूमुळे प्रसिद्ध झालेल्या एडमंड हॅलीने १६८६ साली सांगून ठेवले होते की उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरचे बाष्पभरले वारे तिची जागा घ्यायला धावतात. किनाऱ्यावर रोज दिवसा वाहणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांचाच हा अवाढव्य अवतार. समजायला सोपे, फळ्यावर काढायला त्याहून सोपे. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हे पाठ केले आणि परीक्षेत लिहिले.

पण या उत्तराला एक भगदाड होते. जमीन सर्वांत जास्त तापते ती मे महिन्यात, आणि तेव्हा पाऊस नसतो. जुलैत पाऊस कोसळतो तेव्हा जमीन निवलेली असते. दुष्काळी वर्षांत तर जमीन चांगल्या पावसाच्या वर्षांपेक्षा अधिक भाजून निघते. तापलेली जमीन पावसाला ओढून आणत असेल, तर दुष्काळात मुसळधार पडायला हवा. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेवर गेलेले आणि भारतीय हवामान खात्यात काम केलेले जॉर्ज सिम्पसन यांनी १९२१ सालीच हा आक्षेप घेतला होता. आक्षेप बिनतोड होता, पण हॅलीच्या जागी बसवायला दुसरे चित्र कोणाजवळ नव्हते. म्हणून जुनेच चित्र भिंतीवर टांगलेले राहिले.

फर्ग्युसन महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकून सुलोचनाबाई गणिताकडे वळल्या. १९६५ साली पती माधव गाडगीळ यांच्यासोबत त्या अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. तिथे त्यांनी अभ्यासासाठी निवडला गल्फ स्ट्रीम हा अटलांटिक महासागरातला नागमोडी प्रवाह. १९६९ साली इकडे तारापूरला देशातली पहिली अणुवीज तयार होऊ लागली, तेव्हा तिकडे त्या समुद्राच्या समीकरणांत बुडालेल्या होत्या. १९७० साली डॉक्टरेट हाती आली. त्यांच्या विषयातल्या संशोधकाला अमेरिकेत दारे उघडी होती. पण त्याच सुमारास एमआयटीतले ख्यातनाम हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी विषुववृत्ताजवळच्या ढगपट्ट्याविषयी नवे काही मांडत होते. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून येणारे वारे तिथे एकमेकांना भिडतात, हवा उचलली जाते आणि हजारो किलोमीटर लांबीची ढगांची माळ तयार होते. भारताचा मान्सून आणि ही माळ यांचे काही नाते असेल का? प्रश्न मनात रुतला. १९७१ साली गाडगीळ दांपत्य मायदेशी परतले आणि सुलोचनाबाई पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत रुजू झाल्या.

पुढच्याच वर्षी मान्सूनने आपले उग्र रूप दाखवले. १९७२! महाराष्ट्रात आजही जुनी माणसे काळ मोजतात तो ‘बहात्तरच्या आधी’ आणि ‘बहात्तरनंतर’ असा. विहिरी कोरड्या पडल्या, गुरे कवडीमोलाने गेली, हातात कधी हातोडी न धरलेल्या माणसांनी खडी फोडली, पोरे सुकडीवर जगली. देशभरात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे चोवीस टक्के कमी पडला. तो का रुसला, हे त्या वेळी कोणालाच नीट सांगता आले नाही.

पुण्याच्या त्याच संस्थेत देवराज सिक्का नावाचे एक हवामानतज्ज्ञ होते. दोघांची घडण अगदी निराळी. सुलोचनाबाई समीकरणांच्या वाटेने आलेल्या, तर सिक्का नकाशांच्या. वर्षानुवर्षांचे हवामान-नकाशे पाहून पाहून मान्सूनचा स्वभाव त्यांच्या अंगात मुरलेला. एरवी अशी दोन माणसे एकाच इमारतीत राहूनही एकमेकांशी बोलत नाहीत. इथे ती बोलू लागली, आणि इथेच गोष्टीला वळण लागले. १९७३ साली सुलोचनाबाई बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तरीही धागा तुटला नाही.

दोघांच्या हाताशी आता एक नवे साधन आले होते. अवकाशातून उपग्रह रोज पृथ्वीची छायाचित्रे घेत होते. त्याआधी समुद्रावरचे ढग म्हणजे अंधारातला खेळ. जहाजे जातील तेवढ्याच रेषांवर नोंदी, बाकी हजारो मैल कोरे. आता मात्र सगळा हिंदी महासागर रोजच्या रोज डोळ्यांपुढे उलगडत होता.

काम ठरले ते दिसायला अतिशय साधे. रोजचे चित्र घ्यायचे. ७० ते ९० पूर्व रेखांशांच्या दरम्यान, म्हणजे साधारण पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत, सर्वांत दाट ढगांचा पट्टा कोणत्या अक्षांशावर आहे ते नोंदवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एप्रिल ते ऑक्टोबर, १९७३ ते १९७७, असे पाच पावसाळे. दिवसांची बेरीज हजारावर जाते. या कामात ना झगमगीत यंत्र होते, ना अवघड गणित. एका दिवसाचे चित्र काहीच सांगत नाही, दहा दिवसांची चित्रे थोडेफार सुचवतात. कोड्याचा आकार दिसायला अख्खा पावसाळा ओळीने मांडावा लागतो. आणि एक पावसाळा योगायोग ठरू शकतो, म्हणून पुढचा, त्याच्या पुढचाही.

हळूहळू त्या ठिपक्यांतून रेघ उमटू लागली.

एप्रिल-मे महिन्यांत ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळ, भर महासागरावर दिसे. मग तो उत्तरेला सरकू लागे आणि पायरी-पायरीने चढत भारतभूमीवर येऊन ठाण मांडी. पालघर-तारापूर ज्या अक्षांशांवर आहे ते याच्या ऐन वाटेवरचे. आपण ज्याला मान्सून आला म्हणतो, तो हा. जमिनीने कोणाला बोलावले नव्हते. महासागरावरचा पाहुणाच चालत आला होता.

खरा धक्का पुढे होता. जुलैच्या सुरुवातीला पट्टा उत्तरेत पक्का बसला, की साधारण चार आठवड्यांनी तो विरून जाई. आधी पाऊस ओसरे, उघडीप पडे आणि मग पट्टा दिसेनासाच होई. आता काय? चित्रे पुढे सरकवली, तेव्हा नजर खाली दक्षिणेकडे गेली. विषुववृत्ताच्या अंगाला, शून्य ते दहा अक्षांशांच्या मध्ये, दुसरा पट्टा जागा झाला होता. उत्तरेतला पट्टा जोरात असताना तो मधूनच डोके वर काढी आणि मावळे. उत्तर रिकामी होताच मात्र तोच तग धरू लागे, बळावे आणि मेमधल्या आपल्या पूर्वजाच्या पावलावर पाऊल ठेवून उत्तरेला चालू लागे. भारतावर पोचला की पाऊस पुन्हा सुरू!

एक वर्ष तपासले, तेच. दुसरे तपासले, तेच. पाचही पावसाळ्यांत हेच नाट्य घडले होते. कोडे उलगडले होते. मान्सून एकदाच येऊन चार महिने मुक्काम ठोकत नाही. महासागरातून नवी कुमक आल्यावाचून तो महिनाभराहून अधिक टिकू शकत नाही. शेतकरी ज्या उघडिपीत कोरड्या आभाळाकडे पाहत उभा असतो, त्याच दिवसांत हजार-दीड हजार मैलांवर पुढच्या पावसाची जुळवाजुळव चाललेली असते.

सिक्का आणि गाडगीळ यांचा हा शोधनिबंध १९८० साली ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास जपानमध्ये तेत्सुझो यासुनारी यांनाही ढगांची ही उत्तरेकडची चाल स्वतंत्रपणे दिसली होती. जगाच्या दोन टोकांना बसलेल्या माणसांना एकच वाट दिसली, तेव्हा ती डोळ्यांची भूल नव्हती हे पक्के झाले. सिक्का पुढे पुण्याच्या संस्थेचे संचालक झाले.

सुलोचनाबाई थांबल्या नाहीत. ढग समुद्रावर नेमके कुठे जन्मतात? १९८४ साली पी. व्ही. जोसेफ आणि निरंजन जोशी यांच्यासह ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवून दिले की समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २८ अंशांचा उंबरठा ओलांडते, तेव्हाच ढगांचे मोठे थवे उभे राहण्याची शक्यता झपाट्याने वाढते. उंबरठा ओलांडल्यावर ढग येतीलच अशी हमी नाही, पण त्याच्या अलीकडे त्यांना फारसा थारा नाही.

एवढे हाती लागूनही मान्सूनने पुन्हा हुलकावणी दिली. १९९७ साली प्रशांत महासागरात शतकातला सर्वांत बलाढ्य समजला गेलेला एल निनो उसळला. दुष्काळ ठरलेलाच, असे मानून सगळ्यांनी श्वास रोखला, आणि पाऊस सरासरीहून किंचित जास्तच पडला. २००२ साली उलटे झाले. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ पासून वापरात आलेल्या सोळा घटकांच्या प्रारूपाने वर्षानुवर्षे चांगली साथ दिली होती. त्या वर्षीही सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता. एल निनो तर १९९७ च्या मानाने किरकोळ. आणि जुलै कोरडा गेला! देशात त्या महिन्यात निम्माच पाऊस पडला, हंगाम एकोणीस टक्के तुटीत संपला. जगातल्या कुठल्याच संस्थेला याची चाहूल लागली नव्हती.

अठ्ठावन्न वर्षांच्या सुलोचनाबाई पुन्हा आपल्या जुन्या सोबत्यांकडे, ढगांच्या चित्रांकडे वळल्या. पी. एन. विनयचंद्रन आणि पी. ए. फ्रान्सिस यांच्यासह त्यांनी या वेळी पाहिले ते विषुववृत्तालगत, पूर्व-पश्चिम. तिथे रस्सीखेच चाललेली होती. आफ्रिकेच्या बाजूला ढग दाटले की सुमात्राच्या बाजूला विरळ होतात, तिकडे दाटले की इकडे ओसरतात. पश्चिमेची बाजू जिंकली की भारताचा मान्सून सुखावतो. १९९७ साली ती जिंकली होती, म्हणून एल निनोचा घाव झेलला गेला. १९९४ साली प्रशांत महासागराची साथ नसताना पाऊस भरभरून पडला, तोही हिच्याच जिवावर. २००२ साली मात्र दोन्ही महासागर एकाच वेळी उलटले होते. या रस्सीखेचीला ‘इक्विनू’ असे नाव मिळाले. दोन्ही महासागरांचा हिशेब एकत्र मांडल्यावर अतिवृष्टीची आणि अवर्षणाची वर्षे दोन बाजूंना स्वच्छ विलग झाली.

हे सारे कागदावरच राहू नये, याची त्यांना तळमळ होती. कर्नाटकातल्या पावगड भागात कोरडवाहू भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून त्यांच्या गटाने पेरणीच्या वेळेचा आणि पावसाच्या जोखमीचा हिशेब मांडला. २००६ साली गणितज्ञ चिरंजीव सिद्धार्थ यांच्यासह त्यांनी दाखवले की धरणे झाली, कारखाने झाले, शेतीचा उत्पन्नातला वाटा घटला, तरी तीव्र दुष्काळ देशाच्या सकल उत्पन्नाचा दोन ते पाच टक्के लचका अजूनही तोडतोच.

आज हिंदी महासागर तापतो आहे. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या त्याच संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवले आहे. धो धो पाऊस आणि लांबलेली उघडीप यांच्या कात्रीत भाताचे खाचर सापडते आहे. ढगपट्ट्याची उत्तरेकडची ही चाल हुबेहूब उभी करणे आजच्या बलाढ्य संगणकांनाही जड जाते. पण काय उभे करायचे, हे आता ठाऊक आहे.

२४ जुलै २०२५ रोजी, भर पावसाळ्यात, सुलोचनाबाई बंगळूरला निवर्तल्या. मान्सून म्हणजे खाऱ्या वाऱ्यांचा मोठा भाऊ नव्हे, हे त्या अखेरपर्यंत सांगत राहिल्या. २०१८ सालीही याच प्रश्नावर त्यांचा लेख आला होता. तरीही अनेक पाठ्यपुस्तकांत आज जमीन तापते, वारे धावतात आणि पाऊस पडतो. आवणीचा चिखल तुडवून वर्गात बसणाऱ्या पालघरच्या पोराला मे महिना कोरडा का, हा प्रश्न पडला तर त्याला या धड्यात उत्तर सापडणार नाही. तो धडा आता बदलायला हवा.