मोटारीखालचा तेलाचा डाग

सकाळीं मोटार बाहेर काढल्यावर फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला, कीं मालक गॅरेज गांठतो आणि ‘ऑइल सील गेलें’ असें निदान ऐकून परततो. कधीं तें खरेंही असतें. परंतु क्रँकशाफ्टचें मागील सील बदलावयाचें म्हणजे सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सीलची किंमत थोडी, मजुरी भारी. ती मजुरी देऊनही डाग पडतच राहिला, तर गळती बहुधा दुसरीकडचीच होती.

हें सील म्हणजे शाफ्ट इंजिनाबाहेर पडतो तेथें बसविलेलें रबरी कडें. त्याची पातळ कड बारीक स्प्रिंगच्या आवळणीनें फिरत्या शाफ्टवर टेकते. गंमत अशी, कीं ही कड अगदीं कोरडी राहून चालत नाहीं. तिच्याखालीं तेलाचा अतिसूक्ष्म पापुद्रा लागतोच. पूर्वीं हेंच काम चामडें, नमदा किंवा वळलेली दोरी करीत असे. वर्षानुवर्षें उष्णता सोसून रबर ताठर होतें आणि कड शाफ्टला धरून राहत नाहीं. छत्रपती संभाजीनगरांत मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो. त्यांत कन्नडपुढचा औट्रम घाट चढतांना तेल आणखी तापून पातळ होतें व एरवीं नुसती ओल दाखविणारें सील ठिबकूं लागतें.

अशा प्रवासापूर्वीं सपाट जागेवर इंजिन बंद करून, थोडें थांबून, डिपस्टिक पाहावी. बहुतेक लहान गाड्यांत तिच्या दोन खुणांमधील अंतर सुमारें १ लिटर तेलाचें असतें. वाटेंत तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला, तर पुढचें गांव गांठण्याचा मोह न धरतां तेथेंच इंजिन बंद करावें. बेअरिंगें जळावयास फार मिनिटें लागत नाहींत.

आतां उगमाचा शोध. तेल खालीं ओघळतें आणि वाऱ्यानें मागें फेकलें जातें. म्हणून डागाच्या वरची जागा ही उगमाची जागा नव्हे. वरच्या टॅपेट कव्हरचें पॅकिंग गळालें तरी थेंब मागील सीलखालींच पडतो! त्यावर मराठवाड्याची धूळ बसून काळा लेप होतो व मूळ झांकलें जातें. थंड इंजिन धुऊन, पुसून, तीसचाळीस किलोमीटर चालवावें आणि सर्वांत उंच व सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. फिल्टर, तेलाच्या दाबाचा स्विच, ड्रेन बोल्टचा वॉशर हेही संशयित आहेत.

सील खरोखरच गेलें असेल, तरी ब्रीदरची नळी आधीं पाहावी. पिस्टनच्या कडेनें खालीं उतरणारा वायु याच वाटेनें निघून जातो; ती तुंबली कीं आंतील दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. गळती थांबविणारीं बाटलींतील औषधें रबर फुगवून कांहीं काळ निभावून नेतात, एवढेंच. जुनें सील काढल्यावर शाफ्टवर नख फिरवून पाहावें. कडेनें तेथें चर पाडला असेल तर नवें सील त्याच जागीं बसवूं नये. तें किंचित् आंत वा बाहेर बसवावें, किंवा शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवावी.