सूर धरणाऱ्याचा दम

तुळजाभवानीच्या देवळात पायऱ्या उतरत जावं लागतं. गोमुख, कल्लोळ तीर्थ मागे पडेस्तोवर कानात संबळ भरून राहिलेला असतो. संबळ हे मनगटाचं वाद्य. छातीची वाद्यं म्हणजे शिंग, तुतारी, शंख आणि सनई. सनईवाल्याबद्दल आपल्याकडे एक समज पक्का आहे: त्याची छाती मोठी, फुप्फुसं मोठी, म्हणून त्याचा दम मोठा.

या समजाला आधार फारसा नाही. धडधाकट पुरुषाच्या फुप्फुसांत सुमारे 6 लिटर हवा मावते. कितीही जोर लावला तरी त्यातली लिटर-सव्वा लिटर आतच राहते. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. ही मापं ठरतात उंची, वय आणि लिंगावरून. वाढ संपल्यावर रियाजानं फुप्फुस मोठं होत नाही. वाढतो तो ताबा. पोटाचे, बरगड्यांमधले आणि ओठांचे स्नायू हवा किती सावकाश सोडायची हे शिकतात.

सनईची गोम आणखी वेगळी आहे. बासरीत फुंकलेली बरीच हवा वाया जाते, त्यामुळे बासरीवाला खरोखरच हवेला मोताद होतो. सनईच्या दोन पातळ पत्त्यांमधली फट इतकी अरुंद की हवा थोडीच लागते, पण दाब भरपूर लागतो. परिणामी वादकाची छाती भरलेलीच असते आणि तरी जीव घुसमटतो, कारण आतली हवा शिळी झालेली असते. त्यातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि मेंदू श्वास घ्या म्हणून ओरडू लागतो. सनईच्याच कुळातल्या पाश्चात्त्य ओबोचे वादक म्हणूनच आधी उरलेली हवा सोडून देतात, मग नवी घेतात. नवशिक्या नेमकं हे विसरतो आणि भरल्या छातीवर आणखी श्वास कोंबतो.

तुळजापूरहून पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या सोलापुरात याच जातीचं एक धाकटं वाद्य नांदलं, सुंदरी. सनईहून आखूड, आवाजाला गोड. पंडित सिद्धराम जाधव यांनी ते मैफलीत नेलं. पुढे चिदानंद जाधव आणि भीमण्णा जाधव यांनी ते घराण्यात टिकवलं. सुंदरी हे नाव अक्कलकोटच्या दरबारात मिळालं, असं सांगतात. नळी आखूड म्हणून दम कमी लागत असेल, असं वाटण्याचा संभव आहे. पण हवा अडते ती पत्तीत, नळीच्या लांबीत नव्हे.

नाव होतं ते मुख्य वादकाचं. श्वासाचं अवघड काम मात्र त्याच्या शेजारी बसून सनईवर एकच सूर धरणारा करतो. मुख्य वादकाला दोन तानांमध्ये उसंत मिळते. सूर धरणाऱ्याला ती नाही, त्याचा षड्ज तुटता कामा नये. म्हणून तो गाल हवेनं फुगवतो. श्वास घ्यायची वेळ आली की मऊ टाळू आणि जिभेचा मागचा भाग मागून तोंडाची वाट बंद करतात. गालांचे स्नायू साठवलेली हवा पत्तीत ढकलतात आणि तेवढ्या क्षणात नाकानं झटकन श्वास आत येतो. सगळी कसोटी गालांकडून छातीकडे परतण्याच्या वेळी असते. तिथे दाब जरा उतरला की सूर डुलतो. केनी जी या अमेरिकन सॅक्सोफोनवादकानं 1997 साली याच युक्तीनं एक स्वर 45 मिनिटं 47 सेकंद धरला आणि गिनेस बुकात गेला. आपल्या मंडपात सूर धरणाऱ्यासमोर घड्याळ घेऊन कुणी बसत नाही.

ही युक्ती शिकायला खर्च नाही. पेल्यात पाणी घ्यायचं आणि पपईच्या पानाच्या पोकळ देठानं बुडबुडे काढत राहायचे. नाकानं श्वास घेताना बुडबुडे थांबले तर चूक तिथल्या तिथे दिसते. आधी फुंक न मारता, नुसत्या गालांनी चूळ भरल्यासारखं पाणी बाहेर सोडून पाहावं.

ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं डिजेरिडू असंच वाजतं. 2006 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्वित्झर्लंडमधला एक प्रयोग छापून आला. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हा त्रास असलेल्या 25 जणांपैकी काहींना चार महिने डिजेरिडू शिकवलं, तेव्हा त्यांची दिवसाची झोपाळू मरगळ कमी झाली. घशाचे स्नायू सुधारल्याचा हा परिणाम असावा. दुसरी बाजूही आहे. दाबाची वाद्यं फुंकताना डोळ्यांतला दाब तेवढ्यापुरता वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्या वादकानं डॉक्टरांना आपलं वाद्य सांगितलेलं बरं.

मिरवणुकीत तर पायही चालत असतात. चालताना शरीर जास्त प्राणवायू मागतं आणि कार्बन डायऑक्साइडही जास्त तयार करतं, पण पत्तीतून बाहेर पडणारी हवा तेवढीच. बसून तासभर सहज वाजवणारा चढावर लवकर थकतो तो यामुळे.

मंडपांमधून सूर धरणारा आता कमी होत चालला आहे. त्याच्या जागी विजेवरची सुरपेटी असते. ती दमत नाही, पैसेही मागत नाही. पण फुंकून फुंकून नळीतली हवा तापते आणि सनईचा स्वर हळूहळू चढतो. शेजारच्या सनईचाही तसाच चढायचा, आणि उरलेला फरक तो माणूस ओठांनी भरून काढायचा. पेटी मात्र लावली तिथेच राहते आणि मुख्य वादकाला सगळा वेळ ओठ सैल सोडून खाली यावं लागतं.